पुढचा भाग येतोय, पण त्यातला घाट खरा असेल का?

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. महाडहून भोरकडे निघालं की वरंध घाट लागतो, पोलादपूरहून खेडकडे निघालं की कशेडी आणि महाबळेश्वरकडे वळलं की आंबेनळी. समोरून एसटी येताना दिसली की कुठे थांबायचं, डिपर कधी द्यायचा, उतारावर कुठला गिअर ठेवायचा, हे इथे मागच्या सीटवर बसणाऱ्या पोरांनाही बघून बघून कळतं. अशा मुलखातल्या गेमवेड्याच्या कानावर ड्रायव्हिंग गेमचा नवा भाग येतोय अशी बातमी पडली, की आनंद होतोच. पण पाठोपाठ शंकाही येतात. त्यातली पहिली शंका घाटाची असते.

सध्या निमित्तही तसंच आहे. ‘फोर्झा होरायझन’ ही गाड्यांच्या खेळांमधल्या आजच्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एक. ब्रिटनमधली प्लेग्राउंड गेम्स ही कंपनी ती बनवते. २०१२ साली आलेला पहिला भाग अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये घडत होता. पुढचे भाग दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असे फिरत २०२१ मध्ये मेक्सिकोला पोचले. सहावा भाग जपानमध्ये असेल, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोच्या वेळी झाली आणि तो येण्याचं साल २०२६ सांगितलं गेलं. जपानची मागणी चाहते कितीतरी वर्षं करत होते. कारण जपान म्हटलं की डोंगरातले रस्ते आले आणि डोंगरातले रस्ते म्हटले की ‘इनिशियल डी’.

शुइची शिगेनो यांची ही चित्रकथा १९९५ मध्ये सुरू झाली. तिचा नायक कुणी नामांकित रेसर नाही. वडिलांच्या दुकानातलं टोफू रोज पहाटे डोंगरावर पोचवणारा एक शाळकरी मुलगा आहे. रोजच्या फेऱ्यांमुळे घाटाचं वळणन्‌वळण त्याला पाठ झालेलं असतं आणि त्या जोरावर तो भल्या भल्या गाड्यांना मागे टाकतो. कथेतला आकिना डोंगर गुन्मा प्रांतातल्या हारुना डोंगरावरून घेतलेला आहे. म्हणजे एका आडबाजूच्या जिल्ह्यातला साधा घाटरस्ता जगभरच्या गाडीवेड्यांना तोंडपाठ झाला. पोलादपूरच्या चाहत्याला ही गोष्ट जवळची वाटते, कारण रोज पहाटे दूध आणि भाजी घेऊन घाट उतरणारी माणसं त्याने आपल्या गावातच पाहिलेली असतात.

मग शंका कसली? होरायझन मालिकेचा स्वभावच उधळण्याचा आहे. तिच्यात ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाड्या आहेत आणि एवढ्या वेगाला रस्ताही ऐसपैस लागतो. मेक्सिकोच्या भागात भिंती, कुंपणं, छोटी झाडं मोडत गाडी पुढे जाते आणि वळण चुकलं तर एक बटण दाबून वेळ मागे नेता येते. सणासुदीच्या मोकळ्या मजेसाठी हे छानच आहे. घाटाची मजा मात्र त्याच्या अरुंदपणात असते. पुढचं दिसत नाही, रस्ता दीड गाडीचा आहे आणि कठड्यापलीकडे दरी आहे, म्हणून तर तिथे गाडी चालवणं हे कसब ठरतं. जपानचा घाट रुंद करून, कडेचे कठडे मोडण्याजोगे करून दिला, तर उरेल फक्त जपानचं चित्र.

दुसरी गोष्ट अंतराची. गेममधलं जग बहुधा आक्रसलेलं असतं. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा चेक प्रजासत्ताकातल्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ चा गेम आजही जोरात चालतो. त्याचं प्रमाण साधारण एकास एकोणीस आहे. हेच प्रमाण आपल्याकडे लावून पाहा. पोलादपूर ते महाबळेश्वर हे सुमारे चाळीस किलोमीटरचं अंतर तिथे दोन किलोमीटरच्या आसपास येईल. ताशी साठने गाडी ठेवली तर दोन मिनिटांत घाट संपला! याच्या उलट उदाहरण २००६ च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’चं. त्या गेमने हवाईचं ओआहू बेट जवळजवळ पूर्ण मापात उभं केलं होतं आणि त्यात सोळाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला खरोखर वेळ लागायचा, म्हणून ते बेट खेळणाऱ्याच्या ओळखीचं व्हायचं.

उतारावरच्या ब्रेकचा मुद्दा तर घाटाखालच्या माणसाला समजावून सांगायला नकोच. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि शेवटी पाय दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरतो आणि गाडीला इंजिनच्या ताकदीने आवरतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि रीतही. ‘युरो ट्रक’मध्ये यातलं बरंच काही सापडतं. मालाचं वजन जाणवतं, उतारावर वेग आवरणारा रिटार्डर वापरावा लागतो आणि एअर ब्रेकची खरी पद्धत निवडली तर उगाच ब्रेक मारत राहिल्यावर टाकीतली हवा उतरते. शर्यतीच्या गेमांमध्ये ब्रेक सहसा तापतच नाहीत. डोंगरातला गेम म्हणून जो विकला जाईल, त्याच्याकडून एवढी अपेक्षा ठेवणं गैर नाही.

ही अपेक्षा नुसत्या हौसेची नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि तीस माणसं गेली. एकच जण वाचला. ज्या गावांतले लोक दोर घेऊन अशा दरीत उतरतात, त्यांना घाटात पडलेली गाडी लगेच पुन्हा रस्त्यावर उभी करून देणारा खेळ थोडा पोकळ वाटला, तर ते समजून घेतलं पाहिजे.

नव्या भागाबद्दलची दुसरी मोठी धास्ती नावाची असते. नाव तेच आणि गेम भलताच, हे या क्षेत्रात अनेकदा झालंय. २००५ चा ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ सायबर कॅफेच्या दिवसांत खेळलेली पिढी आता नोकरीधंद्याला लागली आहे, पण त्यातली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू, पंधरा प्रतिस्पर्ध्यांची यादी आणि पोलिसांचा पाठलाग त्यांना अजून आठवतो. २०१२ मध्ये त्याच नावाचा गेम दुसऱ्या स्टुडिओने बनवला. गाडी पळवायला तो उत्तम होता. पण जुनं शहर नाही, जुनी कथा नाही, जुनी माणसं नाहीत. जुन्या ओढीने आलेल्यांचा हिरमोड झाला तो नावामुळेच.

‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’चं जास्त वाईट झालं. दुसरा भाग २०११ मध्ये आला आणि त्यानंतर चाहत्यांनी तेरा वर्षं वाट पाहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये हाँगकाँगमध्ये घडणारा ‘सोलर क्राउन’ आला. तो खेळायला सतत इंटरनेट लागतं. पहिल्या दिवसांत सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की पैसे भरून गेम घेतलेल्या अनेकांना आत प्रवेशच मिळेना.

सतत इंटरनेट ही अट शहरात बसून गेम बनवणाऱ्यांना क्षुल्लक वाटत असावी. महाडमध्ये ती क्षुल्लक नाही. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तिकडचं पाणी सावित्रीतून खाली आलं आणि महाड बुडालं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. २२ जुलैलाच तळिये गाव दरडीखाली गेलं. एवढा प्रलय रोज येत नाही, हे खरं. पण जून ते सप्टेंबर लाईट जाणं आणि नेटवर्क गायब होणं हे इथल्या घरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. घरात अडकवून ठेवणाऱ्या पावसाच्या दिवसांतच खेळायला वेळ असतो आणि त्याच दिवसांत असा गेम उघडत नाही. वजनाचाही प्रश्न आहेच. मेक्सिकोच्या होरायझनला संगणकावर ११० जीबी जागा लागते. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा म्हटलं तर जवळजवळ अडीच महिने जातील.

सर्व्हरवर विसंबलेल्या गेमचं शेवटी काय होतं, ते ‘द क्रू’ने दाखवलं. युबिसॉफ्टचा हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. छोटी केलेली अमेरिका त्यात गाडीने पालथी घालता यायची. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. त्यानंतर पूर्ण किंमत मोजलेल्या माणसालाही तो खेळता येईना. रॉस स्कॉट या यूट्यूबरने याविरुद्ध ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपीय संघातल्या दहा लाखांहून अधिक नागरिकांनी तिच्या मागणीवर सह्या केल्या. या रोषाचा परिणाम दिसला. ‘द क्रू २’ इंटरनेटशिवाय खेळता यावा अशी सोय करण्याचं कंपनीने २०२४ मध्येच कबूल केलं होतं आणि २०२५ मध्ये ती दिलीही.

होरायझनचे अलीकडचे भाग एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. तिथेही वेगळा काटा आहे. गाड्यांची नावं आणि गाणी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली असतात. मुदत संपली म्हणून ब्रिटनमध्ये घडणारा चौथा भाग १५ डिसेंबर २०२४ पासून दुकानातून गेला. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे तो आहे; आज नव्याने हवा असेल त्याला तो कंपनीकडून विकत मिळत नाही.

कशेडीत याच्या उलट घडलं. २०२३ च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी नव्या बोगद्याची एक बाजू उघडली आणि वळणावळणांचा पाऊण तासाचा प्रवास काही मिनिटांवर आला. नवा रस्ता चांगला आहे, सोयीचा आहे. पण बोगदा झाला म्हणून जुना घाट कुणी उखडून टाकला नाही. ज्याला त्या वळणांवरून जायचं त्याला तो रस्ता आहे. गेमच्या चाहत्याचं मागणंही इतकंच आहे.

पैशांची काळजी शेवटी सांगतोय, ती छोटी म्हणून नव्हे. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो ७’ने एका अपडेटमध्ये शर्यतींचं बक्षीस कमी केलं. महागड्या गाड्या मिळवायला एक तर तासन्‌तास खेळा, नाही तर खिशातले पैसे काढा, अशी वेळ आली. त्यातच सर्व्हर तीस तासांहून जास्त वेळ बंद राहिले. लोक इतके चिडले की मालिकेचे जनक काझुनोरी यामाउची यांना जाहीर माफी मागून बक्षिसं वाढवावी लागली. चाहते बोलले की फरक पडतो, याचा हा चांगला पुरावा.

आणि सगळंच काही मोठ्या कंपन्यांच्या हातात नाही. इंडोनेशियातल्या मालेओ या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मोबाइल गेम आणला. बसला आपल्या मनासारखा रंग देण्याची मुभा त्यात होती आणि पुढे स्वतः बनवलेल्या गाड्याही आत घेता येऊ लागल्या. आपल्याकडच्या पोरांनी ती संधी सोडली नाही. लालपरी आली, शिवशाही आली, पुढच्या काचेवर मराठी पाट्या आल्या. साध्या फोनवर, कमी जागेत, महाराष्ट्राची एसटी इंडोनेशियाच्या रस्त्यांवर धावू लागली. आजवर कुठल्याही बड्या कंपनीने आपल्या घाटावर गेम केलेला नाही, तरी इथल्या मुलांनी आपली गाडी त्यात घातलीच. अशा गेमचा नवा भाग किंवा मोठी अपडेट आली की त्यांची भीती वेगळी असते: आपण बनवलेली गाडी नव्यात चालेल का? बनवणाऱ्यांनी या मेहनतीची कदर ठेवायलाच हवी. एससीएसने ‘युरो ट्रक’चा तिसरा भाग न काढता दुसऱ्यातच नवनवे देश जोडत नेले. अपडेटनंतर मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी, दुरुस्त करावे लागतात, पण जमवलेलं सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही वाट जास्त बरी.

तेव्हा नवा भाग आला की जाहिरात पाहून आगाऊ पैसे भरू नका. गेमच्या पानावर तीन गोष्टी आधी वाचा: इंटरनेटशिवाय चालतो का, जागा किती लागते आणि आत वेगळे पैसे मागतो का. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. ते दोन तास शर्यतींत घालवू नका. नकाशावर डोंगर शोधा, वजनदार गाडी घ्या आणि माथ्यावरून खाली आणून बघा. ठेवायचा की परत करायचा, ते तेवढ्यात कळेल.