कल्याणच्या वाटेवरचे घाट

इंग्रजी अमदानीत रूढ झालेल्या आणि पुढे भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत स्थिरावलेल्या ‘पश्चिम घाट’ या नावाने तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीच्या आसपासपर्यंतच्या सबंध पर्वतरांगेचा बोध होतो, आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला तोही याच नावाने. मराठी बोलण्यात मात्र ती रांग सह्याद्री असते, आणि ‘घाट’ म्हणजे ती ओलांडण्याची चढउताराची वाट. नदीकाठच्या पायऱ्यांचा घाट हा निराळा. शब्दासोबत येणारी क्रियापदेच हे सांगतात: घाट लागतो, चढावा वा उतरावा लागतो, दरड कोसळली की बंद होतो; डोंगर काही बंद होत नाही. म्हणूनच ठाण्याचा येऊर किंवा कल्याण-डोंबिवलीकरांच्या नजरेसमोरचा मलंगगड यांना कोणी घाट म्हणत नाही.

कल्याणचे मोठेपण अशा वाटांवरच उभे राहिले. सातवाहनकाळात या बंदरात उतरलेला माल मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात नागणिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख असून, यज्ञ आणि दाने नोंदवताना वापरलेल्या अंकचिन्हांमुळे तो गणिताच्या इतिहासातही महत्त्वाचा ठरला. जवळच असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे सांगितले जाते.

१८५४ साली कल्याणला पोहोचलेली रेल्वे तेथून दोन घाटांकडे फुटली: कर्जतच्या पुढचा बोरघाट १८६३ मध्ये आणि कसाऱ्याचा थळघाट १८६५ मध्ये रेल्वेने ओलांडला गेला. दोन्हींचा कमाल चढ १ : ३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर, असल्यामुळे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’, जोडावी लागतात.

याच वाटेवरून दिशाही ठरल्या. देश म्हणजे ‘घाटावर’, कोकण म्हणजे ‘घाटाखाली’, आणि पावसाळ्यात हवामान खात्याच्या इशाऱ्यांत येणारा ‘घाटमाथा’ म्हणजे या वाटा जेथे देशावर पोहोचतात तो कड्यांचा पट्टा. घाटावरून आलेला तो ‘घाटी’; मूळचा हा साधा निर्देश मुंबई-ठाण्यात हेटाळणीचा झाला, आणि तो तसा वापरणाऱ्याचे आजोबाही पुष्कळदा कसाऱ्याचाच घाट उतरून आलेले असतात.