साथनियम, उत्सव आणि विद्यापीठाचा अधिकार

मार्च 2020 मध्ये करोनाच्या प्रतिबंधार्थ महाराष्ट्रात 1897 चाच साथरोग अधिनियम लागू झाला. उत्सवोत्सुक विद्यार्थ्यांना आवरण्याचा विद्यापीठाचा अधिकार कितपत, हा प्रश्न नाशिकपुरता विशेष आहे. येथील अनेक महाविद्यालये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न आहेत. नाशिकलाच मुख्यालय असलेले आरोग्य विज्ञान विद्यापीठही मुख्यतः संलग्न महाविद्यालयांच्या द्वारेच चालते. परिणामी रंगपंचमीस जमणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे परिपत्रकाहून प्राचार्यांचे नैतिक वजनच अधिक कामास येते. त्यातही कायद्याचा दंड भरून सुटता येते; शिस्तभंगाची कारवाई मात्र शिक्षणच खंडित करू शकते. म्हणून नियम सर्वांस सारखा असणे अगत्याचे ठरते.

22 जून 1897 रोजी, प्लेगनिवारणाच्या जाचाची स्मृती ताजी असता, सरकारने गणेशखिंडीत राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीचा हीरक महोत्सव साजरा केला. तेथून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. तीच वास्तू पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. नियामक स्वतः उत्सव करू लागला, की नियमामागील शास्त्रही संशयास्पद ठरते. विद्यार्थ्यांचा उत्सव थांबविणाऱ्या विद्यापीठाने प्रथम आपलेच समारंभ थांबवावेत, हे उचित होय.