ओळख दोन्हीकडून हवी : ब्लूटूथ जोडणीच्या अडचणी

फोनला ब्लूटूथने जोडलेलं श्रवणयंत्र किंवा इअरबड एके दिवशी जोडलं जाईनासं होतं. तेव्हा नेमकं काय बिघडतं, हे आज आपण पाहणार आहोत. विषय किरकोळ समजू नका. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना परगावच्या मुलाचं फोनवरचं बोलणं या जोडणीमुळेच नीट कळतं. ती तुटली की चांगलं यंत्र 'बिघडलं' म्हणून कपाटात जातं.

आधी दोन शब्द वेगळे करू. पेअरिंग म्हणजे ओळख आणि कनेक्शन म्हणजे भेट. ओळख एकदा होते, भेट रोज होते. पहिल्या वेळी दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती आपापल्या स्मृतीत ठेवतात. पुढे दर भेटीत ती जुळली तरच संभाषण सुरू होतं. आपल्या दर्शनांमध्ये 'प्रत्यभिज्ञा' हा शब्द येतो. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज दिसला की 'तोच हा' असं ज्ञान होतं. देवदत्ताने आपल्याला ओळखलं नाही, तरी त्या ज्ञानाला बाध येत नाही. ब्लूटूथमध्ये मात्र एकतर्फी ओळख चालत नाही.

बराचसा गोंधळ इथेच होतो. समजा, यंत्र रिसेट झालं, किंवा त्याची यादी भरली आणि आपला फोन तिच्यातून गळला. यंत्राकडची किल्ली गेली, पण फोनच्या यादीत त्याचं नाव तसंच दिसतं. आपण त्या नावावर पुन्हा पुन्हा बोट दाबतो आणि जोडणी काही होत नाही. नाव दिसतं म्हणून ओळख शाबूत आहे, हे अनुमान चुकीचं आहे.

आता उपाय क्रमाने पाहू. क्रम महत्त्वाचा, कारण सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे जायचं आहे.

पहिलं, दोन्हीकडचं चार्जिंग पाहा आणि दोन्ही उपकरणं एकदा बंद करून चालू करा. दुसरं, यंत्र आधीच दुसऱ्या कोणाशी, म्हणजे घरातल्या टीव्हीशी, टॅबशी किंवा जुन्या फोनशी जोडलेलं नाही ना, ते तपासा. तसं असेल तर तिथलं ब्लूटूथ बंद करा.

तिसरा उपाय मुख्य. फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फरगेट' किंवा 'अनपेअर' निवडा. मग यंत्र पेअरिंग मोडमध्ये आणा. इअरबडच्या डबीवरचं बटण बहुधा काही सेकंद दाबून धरावं लागतं, मग दिवा लुकलुकतो. बऱ्याच श्रवणयंत्रांत बॅटरीचं दार उघडून बंद केलं की हा मोड सुरू होतो, पण तो काही मिनिटंच टिकतो. म्हणून फोन आधी हाताशी ठेवा. आयफोनसाठी बनवलेली श्रवणयंत्रं नेहमीच्या ब्लूटूथ यादीत शोधू नका. ती ॲक्सेसिबिलिटीमधल्या 'हिअरिंग डिव्हाइसेस'मध्ये जोडतात.

जोडलं गेलं पण आवाज नाही, ही तक्रार वेगळी. इथे ओळखही आहे, भेटही आहे, फक्त काम नेमून दिलेलं नाही. अँड्रॉइड फोनवर त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये कॉल आणि मीडिया असे दोन पर्याय असतात. ते चालू करा.

आवाज तुटत असेल तर अंतर पाहा. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि आपल्या शरीरातलं पाणी त्या शोषतं. फोन मागच्या खिशातून काढून समोर ठेवला, तरी फरक पडतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करता येतात. त्यात वायफायचे पासवर्ड जातात, फोटो जात नाहीत. मात्र 'सगळा फोनच रिसेट करा' असा सल्ला कोणी दिला, तर लगेच मान्य करू नका. त्यात सगळंच पुसलं जातं, आणि किल्ली यंत्राकडूनच हरवली असेल तर फोन पुसण्याची गरजच नव्हती.

शेवटी एक सावधगिरी. आपण सुरू न केलेली पेअरिंगची विनंती स्क्रीनवर आली, तर ती नाकारा. दोन्ही स्क्रीनवर सहा अंकी आकडा दिसला, तर तो सारखा आहे ना, हे पाहूनच होकार द्या.

कपाटात ठेवलेलं एखादं यंत्र असेल, तर ते खराब ठरवण्याआधी एवढं करून बघू या.