लिनक्सशी ओळख (लेखांक सातवा) : पेनड्राइव्हवरचं ऑफिस

मागच्या आठवड्यात जुन्या संगणकावर लिनक्स मिंट चढवलं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल थांबवली. तेव्हापासून नव्या विंडोजला न चालणारी किती तरी यंत्रं भंगाराच्या वाटेवर होती, त्यातलं एक वाचलं. पण उमरीत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्याला नुसतं सुरू होणारं यंत्र काय कामाचं? गिऱ्हाईक येतं ते अर्ज, शपथपत्राचा मसुदा, नाहीतर लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन. मोंढ्यातल्या आडत्याला हिशेबाचा तक्ता हवा असतो. म्हणजे ऑफिस हवं.

मिंटमध्ये लिब्रेऑफिस आधीपासून असतंच. मग ते हाताने बसवायचा खटाटोप कशाला? ज्याचं नेट धड आहे आणि मिंटही नवं आहे, त्यानं तो करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिंट २२ सोबत २४.२ ही आवृत्ती येते, ती रोजच्या कामाला पुरते. मिंट २१ वर मात्र २०२२ सालची ७.३ मिळते, आणि आज आलेली वर्डची फाइल तिच्यात कधी कधी विस्कटते.

हाताने बसवण्याचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. नांदेडला चांगल्या नेटवर एकदा फाइल उतरवून घेतली, की त्याच पेनड्राइव्हवरून उमरी, करखेली, धर्माबाद अशा रेल्वेच्या लायनीवरच्या कितीही यंत्रांवर ऑफिस चढवता येतं, नेट अजिबात न जोडता. यात चोरीचा मामला नाही. जुन्या ‘क्रॅक’ केलेल्या सीडींची सवय असलेल्यांना हे पटकन पटत नाही, पण लिब्रेऑफिसचा परवानाच कॉपी करून वाटायची मुभा देतो.

या ऑफिसची कुळकथा थोडक्यात. १९८५ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस १९९९ मध्ये ‘सन’ या कंपनीनं विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी ओपनऑफिस म्हणून खुलं केलं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या हाती गेली. तेव्हा बऱ्याच कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली, तेच आपलं लिब्रेऑफिस. अलीकडे आवृत्तीचा आकडा वर्ष आणि महिना सांगतो. २४.८ म्हणजे २०२४ चा ऑगस्ट. फेब्रुवारी आणि ऑगस्ट, अशा वर्षातून दोन आवृत्त्या येतात.

उतरवताना चूक होते ती फाइल निवडण्यात. लिनक्ससाठी डेब आणि आरपीएम असे दोन प्रकार समोर येतात. मिंट, उबुंटू, डेबियन यांना डेब लागतं, आरपीएम हे फेडोराच्या घराण्यातलं. शिवाय यंत्र ६४ बिटचंच हवं. टर्मिनलमध्ये ‘यूनेम डॅश एम’ दिल्यावर उत्तरात ६४ दिसलं तर पुढे जा. ‘आय ६८६’ दिसलं तर इथेच थांबा, कारण ३२ बिट लिनक्ससाठी लिब्रेऑफिसनं तयार फाइली देणं २०१९ मध्ये बंद केलं. मुख्य फाइल सुमारे दोनशे एमबीची असते. तिच्या जोडीला मराठी भाषेची छोटी फाइलही घ्या, मेनू मराठीत हवे असतील तर ती लागते. मध्येच लाईट गेली आणि फाइल अर्धवट उतरली, तर ती उलगडताना ‘अनपेक्षित शेवट’ अशा अर्थाची इंग्रजी तक्रार येते. तेव्हा यंत्राला दोष न देता फाइल पुन्हा उतरवा.

आता प्रत्यक्ष काम. मिंटसोबत आलेलं जुनं लिब्रेऑफिस आधी काढून टाका. दोन्ही शेजारी नांदू शकतात, पण दोघांच्या सेटिंगची जागा एकच असल्यानं पुढे गोंधळ होतो. मग पेनड्राइव्हवरची फाइल होम फोल्डरमध्ये आणून उजव्या क्लिकनं उलगडा. आत मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘डेब्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात चाळीसच्या आसपास फाइली. त्या एकेक करून बसवायच्या नसतात. त्याच फोल्डरमध्ये उजव्या क्लिकनं टर्मिनल उघडा आणि एकच आज्ञा द्या. फोनवरून सांगतात तशी सांगतो: एस-यू-डी-ओ, जागा, डी-पी-के-जी, जागा, डॅश आय, जागा, स्टार, टिंब, डी-ई-बी. सगळी अक्षरं लहान लिपीतली. ‘स्टार टिंब डेब’ म्हणजे इथल्या सगळ्या डेब फाइली. कोण आधी, कोण नंतर, ते डीपीकेजी स्वतः लावून घेतं. पासवर्ड विचारला जाईल. उबुंटूच्या बहुतेक आवृत्त्यांत तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी घाबरू नका. ‘लॉक’ असा शब्द असलेली तक्रार आली तर मागे अपडेट चालू आहे असं समजा, चहा घेऊन या आणि आज्ञा पुन्हा द्या.

मराठीची फाइलही अशीच उलगडा, तिच्या डेब्समध्येही तीच आज्ञा. सगळा संसार ‘ऑप्ट’ या फोल्डरमध्ये जाऊन बसतो.

मेनू मराठीत करावेत का? घरात, शाळेत जरूर करावेत. दुकानात नको. एमएस-सीआयटी केलेल्या मुलांचे हात इंग्रजी मेनूवर बसलेले असतात, ती ‘फाइल’ आणि ‘इन्सर्ट’च शोधणार. मजकुराची भाषा मात्र मराठी लावायलाच हवी. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांचा विभाग आहे, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे खूण करून मराठी निवडा.

ही खूण केली नाही तर काय होतं बघा. गोरठ्याच्या दासगणू महाराजांच्या उत्सवाचं पत्रक करायचंय. कोऱ्या ओळीवर ‘मुक्ता’ फॉन्ट निवडला, मराठी टाइप केलं, आणि अक्षरं भलत्याच वळणाची उमटली. माणूस म्हणतो, फॉन्ट बिघडला. फॉन्ट ठणठणीत असतो. लिब्रेऑफिस एकाच मजकुरासाठी तीन फॉन्ट ध्यानात ठेवतं: रोमन लिपीचा, चिनी-जपानीचा आणि देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांचा. आपण निवडलेला मुक्ता रोमनच्या खात्यात जमा झालेला असतो. खूण केली की रायटरच्या ऑप्शन्समध्ये तिसऱ्या खात्याचे मूळ फॉन्ट ठरवायची जागा दिसते. तिथे मुक्ता किंवा रेड हॅटनं खुला केलेला लोहित एकदा लावून टाका.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं मात्र यानं वाचता येणार नाहीत. ते फॉन्ट युनिकोडचे नाहीत. मूळ फॉन्ट यंत्रावर नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तो युनिकोडमध्ये कसा आणायचा ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर अशा फाइलींसाठी दुकानातलं एक विंडोजचं यंत्र राहू द्या, नेट न जोडता.