पाटी बदलते, डिप मारावीच लागते

धुळ्याबाहेर सुरतेच्या हायवेवर एका खासगी कंपनीचा पंप आहे. टँकर आला की मॅनेजर आधी सील तपासतो, मग चलन. अर्थिंगचा चिमटा लावून गाडी काही मिनिटं नुसती उभी ठेवतात, आतला माल स्थिर व्हावा म्हणून. मग एक जण वर चढून झाकण उघडतो आणि डिप रॉड तळापर्यंत सोडतो. टोकाला वॉटर पेस्ट चोपडलेली. पाणी लागलं की तिचा रंग पालटतो. हल्ली हे फार मनावर घेतात. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि पाणी मिळालं की ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं.

मग डेन्सिटी. काचेच्या नळीत नमुना, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. मे महिन्यात खानदेशात माल इतका तापतो की वाचलेला आकडा चलनाशी थेट जुळणारच नाही; तक्ता पाहून तो १५ अंश सेल्सिअसवर आणावा लागतो. एवढं करून फरक घनमीटरला ३ किलोंच्या वर गेला, तर माल उतरवायचा नाही.

वर छताला मात्र कंपनीचा झगझगीत रंग. त्या रंगावर कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात, पण आपल्याकडे पत्ता सांगताना कोण कंपनीचं नाव घेतं? अमक्या शेठचा पंप, पाटलांचा पंप, असंच म्हणतात. आणि बरोबरच आहे, पाट्यांचं आयुष्य ते किती! १९७४ साली एस्सो सरकारजमा झाली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. १९७६ मध्ये बर्मा शेल गेली, पुढच्या वर्षी तिची भारत पेट्रोलियम झाली. पुढे जैन इरिगेशन उभारणाऱ्या जळगावच्या भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये हातगाडीवर रॉकेल विकून धंद्याला सुरुवात केली, तेव्हा हा बाजार अजून मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती होता. भांडवल घरातल्या शिलकीचं, सात हजार रुपये.

खासगी पंपांची दुसरी पिढी २००२ नंतर आली आणि पहिल्याच तडाख्यात आडवी झाली. २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. सरकारी कंपन्यांचा तोटा सरकार बऱ्याच अंशी भरून देत होतं, खासगीला छदामही नव्हता. रिलायन्सने आपले पंप बंदच केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं, तेव्हा कुठे या धंद्यात पुन्हा धुगधुगी आली. एस्सार ऑइलची विक्री २०१७ मध्ये रोसनेफ्ट ही रशियन कंपनी आणि तिच्या जोडीदारांना झाली. २०१८ पासून ती नायरा. गुजरातेतली वाडीनारची रिफायनरी तीच, पंपांवरचं नाव तेवढं नवं.

माझं मत विचाराल तर मालकी कोणाची यापेक्षा डिप मारणारा हात कोणाचा, हे महत्त्वाचं. या पंपावरचा पोरगा नोझल उचलण्याआधी प्रत्येकाला सांगतो, ‘‘झिरो पाहून घे भो.’’ झिरो तर पाहाच, पण शंका आली तर पाच लिटरचं माप आणि फिल्टर पेपरही मागा. कंपनी कोणतीही असो, पंपावर ते ठेवावंच लागतं आणि मागितलं तर नाही म्हणता येत नाही.