गर्दीची शाळा चालते कशी ?

जून महिना सरत आला, शाळा उघडली, कीं हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यांत जी गर्दी लोटत असे, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस या लेखाचें प्रयोजन निराळें सांगण्याची गरज नाहीं. कोणाचे वडील मागच्या शाळेचा दाखला हातांत घेऊन उभे, कोणाची आई मुलाला पुढें लोटीत असलेली, आणि आंतून एकच उत्तर पुनःपुन्हा येत असलेलें : "जागा नाहीं." सन १९५० च्या सुमारास आम्ही नागपूरच्या एका मिशन हायस्कुलांत शिकत होतों. त्या वेळीं त्या गर्दीचें आम्हांस कांहींच वाटत नसे; जितकीं मुलें जास्त तितकी मधल्या सुटींत मजा जास्त, एवढेंच आमचें गणित. परंतु एवढी मोठी शाळा इतक्या थोड्या जागेंत रोज चालत तरी कशी होती, हें कोडें आमचें वय वाढलें तसें आम्हांस पडूं लागलें. तें उलगडून आजच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असा विचार आहे.

गर्दी आली कोठून, हें आधीं पाहूं. १९४१ च्या खानेसुमारींत नागपूरची वस्ती सुमारें ३ लाख होती. १९५१ च्या खानेसुमारींत ती साडेचार लाखांच्या आसपास गेली. दहा वर्षांत शहर दीडपट झालें. पण शाळेच्या भिंती कांहीं दहा वर्षांत दीडपट होत नाहींत. नागपूर ही तेव्हां प्रांताची राजधानी होती, व तो मान तिजकडे १९५६ पर्यंत राहिला. त्यामुळें कचेऱ्यांतील नोकरवर्ग मराठी व हिंदी अशा दोन्ही मुलखांतून येथें येत असे. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें जरीपटक्याच्या बाजूस वसलीं. शिवाय ज्या घरांतून आजवर कोणी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्या घरांतूनहि मुलें येऊं लागलीं होतीं, आणि ही तर आनंदाची गोष्ट. असें संकट केवळ आपणांवरच आलें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत जननसंख्या एकाएकीं वाढली, आणि १९५० नंतरच्या दशकांत तेथील कित्येक गांवांतून शाळा दोन पाळ्यांनीं भरवाव्या लागल्या. पैशाचा तोटा नसलेल्या देशाचीहि ही गत !

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या शाळेंत वर्गांच्या तुकड्या १८ आणि खोल्या १४. म्हणजे कोणत्याहि तासाला ४ तुकड्यांना बसावयास खोली नाहीं. एखाद्या नवख्या माणसानें हात टेकले असते. परंतु वेळापत्रक तयार करणाऱ्या आमच्या गणिताच्या मास्तरांनीं युक्ति अशी योजिली होती कीं, प्रत्येक तासाला एक तुकडी मैदानावर ड्रिलसाठीं, एक विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत, एक ड्रॉइंगच्या लांब पडवींत आणि एक वाचनालयांत असावयाचीच. हीं चार ठिकाणें त्या १४ खोल्यांत धरलेलीं नव्हतीं. आठवड्याचे पांच दिवस ७ तास व शनिवारीं ४, असे एकूण ३९ तास. त्यांस चारानें गुणिलें कीं १५६ होतात, आणि ते १८ तुकड्यांत वांटले तर प्रत्येक तुकडीनें आठवड्यांतून आठ किंवा नऊ वेळां खोली सोडून बाहेर गेलेंच पाहिजे. हीच कल्पना अमेरिकेंतील गॅरी नांवाच्या गांवीं विल्यम वर्ट या शिक्षणाधिकाऱ्यानें या शतकामागील शतकाच्या आरंभीं अमलांत आणिली होती. आमच्या मास्तरांनीं ती त्याच्यापासून घेतली कीं अडचणींतून स्वतःच काढली, कोण जाणे ! आम्ही मुलें मात्र मास्तरांनीं आम्हांला खेळावयास जास्त वेळ दिला म्हणून त्यांच्यावर खूष होतों.

या युक्तीचें मर्मस्थान म्हणजे पाऊस. आषाढांत एकदां झड लागली कीं मैदानावरची तुकडी निराश्रित होई, आणि मग ड्रॉइंगच्या पडवींत दोन तुकड्या शिरत. त्या तासाला ड्रॉइंग होत नसे व ड्रिलहि होत नसे. जें होई त्यास नांव नाहीं. दुसरें मर्मस्थान म्हणजे उन्हाळा. नागपूरचें ऊन परक्यास सांगून पटत नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. म्हणून उन्हें तापूं लागलीं कीं सकाळची शाळा होई, तास आंखूड होत, आणि वेळापत्रक पुनः नव्यानें मांडावें लागे. त्यांतच मराठी व हिंदी अशा दोन माध्यमांच्या तुकड्या एकाच छपराखालीं असल्यामुळें, इतिहासाचा एक मास्तर रजेवर गेला तर त्याच्या जागीं कोणासहि पाठवितां येत नसे.

आतां एका वर्गांत सत्तर मुलें असतां शिकविणें कसें चाले ? येथें मॉनिटर कामास येई. मॉनिटर म्हणजे फळा पुसणारा व गडबड करणाऱ्यांचीं नांवें लिहिणारा मुलगा, एवढीच पुष्कळांची समजूत असते. या पदाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, व त्याचा उगम आपल्याच देशांत आहे. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ सालीं मद्रासेजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेवर होते. शिक्षक पुरेसे नव्हते, होते ते मनापासून शिकवीत नव्हते. एके दिवशीं त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं. आपल्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटी ती हीच. त्यांनीं ती रीत उचलली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्यास आरंभ केला. विलायतेस परतल्यावर १७९७ सालीं त्यांनीं यावर पुस्तक छापिलें, व तेथें ही पद्धति 'मद्रास पद्धति' म्हणून गाजली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनीं लंडनमध्यें याच तऱ्हेनें एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलांची शाळा चालविली. ज्या देशांत गुरुगृहीं वडील विद्यार्थ्यानें धाकट्यास संथा देणें ही रोजची गोष्ट, त्या देशास ती पुढें विलायती माल म्हणून परत मिळाली !

या पद्धतीचे गोडवे आम्ही फारसे गाणार नाहीं. पाढे, शुद्धलेखन, पाठांतर हीं मॉनिटरच्या हातून उत्तम होत. परंतु एखाद्या मुलास त्रैराशिक कां येत नाहीं हें ओळखणें मॉनिटरच्या आवांक्याबाहेरचें. गर्दीच्या शाळेचा खरा दोष हाच. दंगा आवरतां येतो, खोल्या पुरवितां येतात. मूल मात्र हरवतें, आणि तें बांकावर बसलेलें असतांनाच हरवतें.

आमच्या वर्गांतील एक गोष्ट सांगतों. शेवटच्या बांकावर एक मुलगा बसत असे. तोंडी हिशेबांत तो कोणासहि हार जात नसे, परंतु फळ्यावरचें गणित दिलें कीं चुकलेंच. मास्तरांनीं त्यास आळशी ठरविलें, आम्ही त्यास ठोंब्या ठरविलें, व सहामाही परीक्षेंत त्यानें तें सिद्ध करून दाखविलें. शाळेंत एक वयस्क चपराशी होता. रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर तासातासाला टोल देणें, रांजण भरणें, हेडमास्तरांच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरविणें हीं त्याचीं कामें. एकदां त्यानें या मुलास व्हरांड्यांतील घड्याळांत किती वाजले तें पाहावयास सांगितलें. मुलगा भिंतीपाशीं जाऊन, टांचा उंच करून, नाक घड्याळाला लावीतसा उभा राहिला. चपराशानें त्यास कांहीं म्हटलें नाहीं, तो सरळ हेडमास्तरांकडे गेला व म्हणाला, "साहेब, त्या पोराले दिसत नाहीं." पंधरा दिवसांनीं चष्मा आला, मुलगा पहिल्या बांकावर आला, आणि आमचा ठोंब्या हा शब्द आम्हांस गिळावा लागला. सत्तर मुलांपुढें रोज उभ्या राहणाऱ्या पांच मास्तरांस जें सहा महिन्यांत दिसलें नाहीं, तें त्यास दिसलें. मास्तरांस बोल लावावा असें आतां वाटत नाहीं. एकेका मास्तराकडे रोज तीन-चारशें वह्या.

कारकुनाविषयीं दोन शब्द. शाळेंत सर्वांत निर्दय माणूस हाच, असें आम्हांस वाटे, कारण फी थकली कीं पटावरून नांव कापण्याचें काम त्याचें. परंतु नांव कापण्याच्या आदल्या दिवशीं तो मुलास हळूच बोलावून सांगे, हें पुष्कळांस ठाऊक नव्हतें. वयाच्या दाखल्याशिवाय आलेल्या मुलांच्या जन्मतारखाहि त्याच्याच लेखणींतून उतरत. जुन्या पिढींतील इतक्या लोकांचे वाढदिवस जून किंवा जुलैच्या पहिल्याच तारखेस कां येतात, याचें रहस्य ग्रहांत नसून शाळेच्या रजिस्टरांत आहे.

१९५२-५३ सालीं मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालीं माध्यमिक शिक्षणाचा विचार करणारें मंडळ बसलें. एका वर्गांत ३० मुलें असावीं, फार तर ४०. व साऱ्या शाळेंत ५०० असावीं, फार तर ७५०, अशी त्यानें शिफारस केली. शिफारस रास्त होती. तिच्या विरुद्ध कोणीं काय बोलावें? आमचे हेडमास्तर तो आंकडा वाचून बराच वेळ गप्प बसले होते असें आम्ही मागाहून ऐकलें. त्यांनीं जुन्यांतील कोणासहि काढलें नाहीं. पुढल्या वर्षीं दुपारची दुसरी पाळी सुरूं केली, आणि त्या पाळीचीं मुलें हिवाळ्यांत दिवेलागणीला घरीं जाऊं लागलीं. चाळिसांचा नियम आमच्या वेळीं असता तर आमच्या वर्गांतील तीस मुलें त्या जून महिन्यांत व्हरांड्यांतूनच परत गेलीं असतीं. हजेरीपटावर आमचा अनुक्रम ५३ होता.