नावात काय नाही! (भाग ७) : दफ्तर मिटले, नीस उरले

मागच्या आठवड्यात ‘कर’ लावून गावे मिरवणारी आडनावे पाहिली. या वेळी शेपूट वेगळे आहे : नीस. फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस, सबनीस, जमेनीस, कारखानीस, वाकनीस. दारावरच्या पाटीवर यांतले एखादे दिसले की ते अगदी अस्सल, वाड्यातले, पेशवाई थाटाचे वाटते. पण या आडनावांचा निम्मा देह तरी फारसी आहे.

फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेला मधला ‘व’ जड झाला आणि ‘नवीस’चा ‘नीस’ झाला. नागपूरकडच्या काही घराण्यांनी मात्र तो व सोडला नाही. तिकडे फडणवीस आणि चिटणवीस भेटतात, चिटणवीसपुरा नावाची वस्तीही आहे. चिठ्ठ्या, म्हणजे सरकारी पत्रे लिहिणारा तो चिटणीस. जमेचा हिशेब ठेवणारा जमेनीस, खजिन्याचा पोतनीस. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा कागद, त्यावरून फर्दनवीस आणि पुढे फडणीस. कचेरीला ‘फड’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला असे मानणारेही आहेत. पारसनीसाचे काम तर नावातच लिहिलेले आहे : फारसी पत्रव्यवहार सांभाळणे. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी आयुष्यभर जुनी कागदपत्रे जमवली आणि छापली. आडनावाला जागणे म्हणतात ते हेच.

कारखानीस म्हटले की आज डोळ्यांसमोर धुराडे येते. शिवकालातला कारखाना म्हणजे कोठारे आणि सरंजामाचे खाते. गडावरचे धान्य, दारूगोळा, सामानसुमान किती आले नि किती खर्ची पडले, हे कारखानिसाने लिहायचे. हजेरीपट आणि जमाखर्च सबनिसाकडे, किल्ल्या आणि हुकूम हवालदाराकडे. एकट्याच्या हाती गड राहू नये म्हणून केलेली ही वाटणी होती. त्यातले हवालदार पुढे पोलीस ठाण्यात जाऊन बसले. सबनीस आणि कारखानीस आडनावांत बसले.

खरी गंमत पुढेच आहे. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी दरबारी पदांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश रचला गेला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. कागदपत्रांच्या भाषेतही मोठी उलथापालथ झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर पत्रे घेऊन शब्दच मोजले. १६२८ सालच्या एका पत्रात २३६ शब्दांपैकी २०२ फारसी निघाले. शंभर वर्षांनंतरच्या, १७२८ सालच्या पत्रात १२७ पैकी फक्त ८.

म्हणजे अठराव्या शतकात पत्रांतून फारसी ओसरत होती आणि नेमक्या त्याच काळात घराघरांवर फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही नावे घट्ट होत होती. पेशव्यांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ असे कोरलेले असे, लोक मात्र पेशवे म्हणत. ‘पेशवा’ हा शब्दही फारसीच.

असे का झाले? पत्रातला शब्द बदलायला कारकुनाची लेखणी पुरते. आडनावामागे मात्र वतन असते. सनदेत ‘फडणिशी’ लिहिली आहे, वार्षिक नेमणूक त्या नावाने मिळते, भाऊबंद टपून बसले आहेत. अशा वेळी शब्द शुद्ध करून हक्क अशुद्ध करून घेणारा माणूस या मुलखात सापडणे कठीण. ज्या संस्कृत पदांना पुढे वंशपरंपरा लाभली, ती घराण्यांना चिकटलीच : भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य. तेव्हा फारसी गोड आणि संस्कृत कडू असा काही प्रकार नव्हता. जे पिढीजात झाले ते आडनाव झाले, एवढाच हिशेब.

हे नवे आडनाव बसताना जुने कुठे गेले? नाना फडणवीसांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू मूळचे कोकणातल्या वेळासचे आणि श्रीवर्धनच्या भटांच्या घरोब्यातले. भटांकडे पेशवाई आली तेव्हा भानूंकडे फडणिशी आली आणि दोन्ही मूळ आडनावे मागे पडली. १८०० साली नाना वारले तेव्हा हिंदुस्थानभर त्यांना भानू म्हणून ओळखणारे किती असतील? शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ आडनाव चित्रे. त्यांचे वंशजही चिटणीसच झाले.

आडनावावरून जात ओळखल्याचा आव आणणाऱ्यांची तर या हुद्द्यांपुढे हमखास फजिती होते. नाणी पारखणारा तो पोतदार. हे आडनाव सोनारांत आहे आणि ब्राह्मणांतही. इनामदार हिंदूंत जितके सहज भेटतात तितकेच मुसलमानांत. पाटलाचा मदतनीस चौगुला, पण चौगुले मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत आणि कोकणी मुसलमानांतही आहेत. देशमुख, पाटील यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. प्रदेशाप्रमाणे हुद्द्याची भाषाही बदलते. कानडी मुलखात परगण्याला ‘नाड’ म्हणतात, म्हणून इकडचा देशपांडे तिकडे नाडकर्णी आणि इकडचा देशमुख तिकडे नाडगौडा.

नीस लावणाऱ्यांतला चिटणीस तेवढा अजून नोकरीत आहे. पक्षाला सरचिटणीस लागतो, गणेश मंडळालाही चिटणीस लागतो. त्या सगळ्यांना आपण अर्धे फारसी बोलतो आहोत हे सांगायची सोय नाही. बाकीच्या नीस मंडळींचे दफ्तर कधीच मिटले.

गावपातळीवर तर हे मिटणे तारखेनिशी सांगता येते. कोल्हापूर संस्थानात १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द केली आणि गावदप्तर पगारी तलाठ्यांकडे दिले. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने संपवणारा कायदा १९५० चा. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. हक्क गेले, मान गेला, आडनावांना मात्र कुठलाच कायदा लागू झाला नाही. आज कुलकर्णी बँकेत असतात, संगणक कंपनीत असतात, अमेरिकेतही असतात, आणि गावचा सातबारा लिहिण्याशी त्यांच्यापैकी बहुतेकांचा काडीचा संबंध नसतो.

ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तान्त असेल त्यांनी तो या रविवारी जरूर उघडावा. ‘मूळ आडनाव’ अशी नोंद पुष्कळदा पहिल्या काही पानांतच असते. पुढच्या आठवड्यात हुद्दे सोडून रानात शिरू : कोल्हे, लांडगे आणि वाघमारे.